उपवासापूर्वीचे गाणे : तोर्मेसकाठापासून कादिसपर्यंत

स्पेनच्या पश्चिमेस, पोर्तुगालच्या सीमेकडे उतरत जाणाऱ्या कास्तियाच्या पठारावरून तोर्मेस नदी वाहते आणि तिच्या उजव्या तीरावर सालामांका हे विद्यापीठाचे शहर वसलेले आहे. १२१८ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ स्पेनमधील चालू विद्यापीठांत सर्वांत जुने असून, जवळच्या विल्यामायोर गावच्या खाणींतून काढलेल्या, ऊन पडले की सोनेरी दिसणाऱ्या दगडात त्याच्या इमारती उभ्या आहेत. दर्शनी भिंतीवरील दाट कोरीवकामात कवटीवर बसलेला एक लहानसा बेडूक दडलेला आहे आणि तो शोधण्यात पर्यटकांचे जथे आपला बराच वेळ घालवतात. या शहराशी आणि त्याच्या आसपासच्या गावांशी निगडित असलेली दुसरी एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटते, ती म्हणजे धार्मिक उपवास सुरू होण्याच्या आदल्या रात्री, पोटाला तडस लागेपर्यंत जेवताना म्हणायच्या गाण्यांची परंपरा.

हा उपवास म्हणजे ख्रिस्ती पंचांगातील प्रायश्चित्तकाळ, ज्याला स्पॅनिशमध्ये कुआरेस्मा म्हणतात. राखेच्या बुधवारी भाविकांच्या कपाळाला राख लावून तो सुरू होतो आणि ईस्टरच्या रविवारी, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, संपतो. हे अंतर ४६ दिवसांचे असले तरी मधले सहा रविवार उपवासात धरले जात नसल्याने त्याला चाळीस दिवसांचा उपवास म्हणण्याचा प्रघात आहे. मध्ययुगात हा नियम फार कडक होता, कारण दिवसातून एकच पूर्ण जेवण घ्यायचे आणि त्यातही मांस, डुकराची चरबी, अंडी, दूध व चीज यांपैकी काहीही वापरायचे नाही, अशी रीत होती. साहजिकच राखेच्या बुधवारापूर्वीचे दिवस, आणि विशेषतः आधीचा मंगळवार, हे घरातले सर्व निषिद्ध अन्न संपवून टाकण्याचे दिवस ठरले. कार्निव्हल हा शब्द इटालियनमधून स्पेनमध्ये रुळण्याआधी या दिवसांना कास्तियात आंत्रुएहो म्हणत, म्हणजे उपवासकाळात होणारा प्रवेश, आणि लेओन प्रांतातील खेड्यांत हे नाव आजही प्रचारात आहे.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध गाणे ज्याचे आहे तो हुआन देल एन्सीना १४६८ मध्ये सालामांका परिसरात एका चांभाराच्या घरी जन्मला. त्याचे मूळ आडनाव फेर्मोसेये होते. त्याचा भाऊ दिएगो सालामांका विद्यापीठात संगीताचा अध्यापक होता आणि हुआन स्वतः त्याच विद्यापीठात शिकला. १४९२ च्या सुमारास तो आल्बा घराण्याचा दुसरा ड्यूक फाद्रिके याच्या पदरी राहिला आणि ड्यूकच्या वाड्यातील सणासमारंभांसाठी नाटुकली लिहिणे, त्यांना चाली लावणे, प्रसंगी स्वतः त्यांत काम करणे, हे त्याचे काम झाले. पुढे १४९८ मध्ये सालामांकाच्या कॅथेड्रलमधील गायकाची जागा त्याला न मिळता लुकास फेर्नांदेस या त्याच्या प्रतिस्पर्ध्याला मिळाली, तेव्हा तो रोमला गेला. तेथे पोपच्या दरबारात वशिला लावून त्याने चर्चमधील मानाच्या जागा मिळवल्या. १५१९ मध्ये जेरुसलेमची यात्रा करून तेथे आपली पहिली मिस्सा म्हटली आणि आयुष्याची अखेरची वर्षे लेओनच्या कॅथेड्रलचा प्रायर, म्हणजे तेथील धर्मगुरूंमधील एक मानाचा अधिकारी, म्हणून काढली. म्हणजे खादाडीचे हे गाणे रचणारा मनुष्य चर्चवर रुसलेला बंडखोर नव्हता, तर चर्चमध्येच वर चढू पाहणारा महत्त्वाकांक्षी तरुण होता. ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

ड्यूकचा वाडा सालामांकात नव्हता, तर नदीच्या वरच्या अंगाला सुमारे वीस किलोमीटरवरील आल्बा दे तोर्मेस या गावी होता, आणि तेथपर्यंतचा बसचा रस्ता सपाट शेतांतून व ओकच्या विरळ राईंतून जातो. गावाला येणारे बहुसंख्य लोक संत तेरेसा आविलाकर हिच्या समाधीसाठी येतात, कारण १५८२ च्या ऑक्टोबरात तिने याच गावातील आपल्या मठात देह ठेवला, आणि गावाची दुकाने, पाट्या व मिठाया तिच्याच नावाने चालतात. वाड्याचे म्हणाल तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनच्या सैन्याशी झालेल्या युद्धात त्याची धूळधाण झाली आणि आज टेकाडावर शस्त्रागाराचा एक जाडजूड गोल बुरूज तेवढा उभा आहे. बुरुजाच्या आत १५४७ च्या म्यूलबेर्ग येथील लढाईची भित्तिचित्रे आहेत, परंतु ती एन्सीनाच्या ड्यूकच्या नव्हे, तर त्याच्या नातवाच्या पराक्रमाची आहेत. ज्या दालनात मेंढपाळांच्या वेषातील नट हातात बरणी आणि भाकर घेऊन शिरत असत, त्या दालनाचा मागमूस उरलेला नाही. भोवतीच्या उत्खननात उघड्या पडलेल्या पायांवरून त्याची कल्पना करावी लागते आणि ती करण्यासाठी हाताशी ग्रंथ असावा लागतो.

तो ग्रंथ म्हणजे एन्सीनाचा ‘कान्सिओनेरो’ हा काव्यसंग्रह, जो सालामांका येथे १४९६ मध्ये छापला गेला आणि ज्याच्या अखेरीस त्याची आठ नाटुकली आहेत. त्यांना एक्लोगा, म्हणजे मेंढपाळांच्या संवादातून उलगडणारी काव्ये, असे म्हणतात. पाचवे आणि सहावे एक्लोगा आंत्रुएहोच्या एकाच रात्रीसाठी लिहिलेले आहेत. पाचव्यात बेनेइतो आणि ब्रास हे मेंढपाळ आपले धनी फ्रान्सविरुद्धच्या लढाईला निघणार म्हणून शोक करतात, तोच तिसरा येऊन तह झाल्याची वार्ता देतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. सहाव्यात युद्धाची चिंता संपलेली असते आणि मेंढपाळ फक्कड जेवायला बसतात. जेवता जेवता त्यांपैकी एकजण मांसाहार आणि उपवास यांच्या सैन्यांत झालेली लढाई आपण डोळ्यांनी पाहिल्याच्या थाटात वर्णन करतो, आणि शेवटी बेनेइतो, ब्रास, पेद्रुएलो व लोरिएन्ते असे चौघे मिळून एक गाणे म्हणतात. संवादाची भाषा सायागेस आहे, म्हणजे सामोरा प्रांतातील सायागो भागातल्या गावंढळ बोलीची रंगभूमीसाठी केलेली नक्कल. समोर बसलेल्या ड्यूक, डचेस आणि पाहुण्यांना त्या बोलीने हसू येत असे, हे उघड आहे.

गाण्याचा आशय सांगायला सोपा आहे. आज खाऊ, पिऊ, गाऊ आणि आराम करू, कारण उद्यापासून उपास धरायचा आहे, हे त्याचे पालुपद. आणि पुढच्या कडव्यांत ‘संत आंत्रुएहो’ या अस्तित्वातच नसलेल्या संताच्या सन्मानार्थ पोटे फुगवण्याचे, कातडी ताणेपर्यंत ठासून भरण्याचे आवाहन आहे. सणाच्या दिवशी तृप्त होणे ही गावपंचायतीची जुनी रूढी आहे, तेव्हा ती मोडणे बरे नव्हे, असाही युक्तिवाद त्यात येतो. रचनेचा हा प्रकार विल्यान्सिको म्हणून ओळखला जातो. त्यात दोन-तीन ओळींचे पालुपद, त्यानंतर वेगळ्या यमकांचा चार ओळींचा भाग, आणि मग पालुपदाच्या यमकाकडे व चालीकडे परत वळवणाऱ्या ओळी, असा क्रम असतो. पुढील शतकांत हे नाव नाताळच्या गाण्यांपुरते उरले, त्यामुळे आजच्या स्पॅनिश माणसाला विल्यान्सिको म्हटले की गोठ्यातला बाळ येशू आठवतो, पण एन्सीनाच्या काळी त्यात प्रेम, राजकारण, शोक, थट्टा असे काहीही चालत असे.

चाल चार आवाजांसाठी आहे आणि ती माद्रिदच्या राजवाड्याच्या ग्रंथालयातील एका हस्तलिखितात टिकून राहिली. कॅथलिक राजे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इसाबेल आणि फेर्नान्दो यांच्या काळातील साडेचारशेहून अधिक गीतांचा हा संग्रह फ्रान्सिस्को आसेन्हो बार्बिएरी या संगीतकाराने १८९० मध्ये प्रथम छापला, तेव्हा एन्सीना हा केवळ नाटककार नव्हे, तर आपल्या पिढीतील सर्वांत नेटका गीतकार होता, हे जगाला कळले. संग्रहात त्याची साठाच्या आसपास गीते आहेत. उपवासापूर्वीच्या या गाण्यात चारही आवाज बहुतांशी एकाच वेळी तेच अक्षर उच्चारतात, एकामागून एक शिरून गुंतागुंत करीत नाहीत. त्यामुळे शब्द स्पष्ट ऐकू येतात आणि वाद्य नसले तरी टेबलावर थाप देऊन ताल धरता येतो. जगभरातील वृंदगायक हे गाणे कार्यक्रमाच्या अखेरीस हमखास घेतात, ते याच सोपेपणामुळे. मात्र दरबारातील कसलेल्या गायकांनी मेंढपाळ बनून म्हटलेले हे गाणे म्हणजे लोकगीत नव्हे, तर लोकगीताचा वेष घेतलेली दरबारी रचना आहे, हे विसरून ते ऐकले तर त्यातील अर्धी गंमत हरवते.

उरलेली अर्धी गंमत बायबलात आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, संकट दाराशी आले असताना पश्चात्ताप करण्याऐवजी खाण्यापिण्यात दंग झालेल्या लोकांचा धिक्कार करताना, ‘उद्या मरायचेच आहे’ अशी त्यांची सबब उद्धृत केलेली आहे. एन्सीनाने त्या वचनाचा सांगाडा जसाच्या तसा ठेवला आणि मरणाच्या जागी उपवास बसवला. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांना धर्मग्रंथ ठाऊक होता त्यांना यातला खोडकरपणा लगेच कळला असणार. पण त्याच बदलामुळे गाण्यातील पापही निघून गेले, कारण मेंढपाळ उद्याचा उपवास नाकारीत नाहीत, तर तो पाळणार असल्याचे प्रत्येक कडव्याच्या शेवटी कबूल करतात. स्पॅनिश मानवशास्त्रज्ञ हुलिओ कारो बारोहा याने १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्निव्हलवरील ग्रंथात, हा सण प्राचीन मूर्तिपूजकांचा अवशेष नसून ख्रिस्ती धर्माचेच, उधळे का होईना, अपत्य आहे, आणि उपवासाच्या कल्पनेवाचून तो या रूपात उभाच राहिला नसता, असे मत मांडले. त्या मताला एन्सीनाच्या गाण्याइतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळणे कठीण आहे.

मांस आणि उपवास यांची लढाई ही कल्पना मात्र एन्सीनाची नव्हे. ती त्याच्याआधी दीडशे वर्षे कास्तियातील साहित्यात येऊन गेली होती, आणि तिचे सर्वांत थोर रूप ईताचा धर्माधिकारी हुआन रुईस याच्या ‘लिब्रो दे बुएन आमोर’ या चौदाव्या शतकातील काव्यात आढळते, ज्याची एक प्रमुख हस्तलिखित प्रत सालामांका विद्यापीठाच्या ग्रंथालयातच आहे. त्यात दोन्या कुआरेस्मा, म्हणजे उपवासबाई, दोन कार्नाल या मांसाधिपतीला रीतसर युद्धाचे पत्र पाठवते. त्याच्या बाजूने कोंबड्या, तितर, ससे, बदके, रानडुकरे आणि खारवलेल्या मांसाच्या तंगड्या सज्ज होतात. तिच्या बाजूने सार्डिन मासळी, वाम, ट्राउट, ऑक्टोपस आणि देवमासा येतात, आणि भाजीवर्गातून लीक हा कांद्याच्या जातीचा कंद पहिला वार करतो. आदल्या रात्री बेसुमार खाल्ल्याप्यायल्याने सुस्तावलेले मांसाचे सैन्य हरते, दोन कार्नाल कैद होतो, त्याला प्रायश्चित्त दिले जाते, पण झावळ्यांच्या रविवारी तो निसटतो आणि ईस्टरला विजयी वीरासारखा परततो, तर उपवासबाई यात्रेकरूचा वेष घेऊन जेरुसलेमच्या वाटेला लागते. कोणत्याही पक्षाचा कायमचा विजय नाही, पुढल्या वर्षी पुन्हा हेच घडायचे आहे, ही या काव्याची खरी समज आहे.

माशांच्या नावांनी भरलेले हे सैन्य वाचताना सालामांका समुद्रापासून किती दूर आहे हे लक्षात ठेवायला हवे. किनाऱ्यावरच्या माणसाला मांसबंदी म्हणजे ताटातला पदार्थ बदलणे. पठारावरच्या शेतकऱ्याला ती सुक्या, खारवलेल्या माशावर आणि हरभऱ्यावर दिवस काढण्याची शिक्षा होती. गालिसियाच्या किनाऱ्यावरून हा खारा मासा खेचरांच्या पाठीवर लादून आणण्याचे काम आस्तोर्गा शहराजवळचे मारागातो नावाचे मालवाहू करीत, आणि तो फुकट मिळत नसे. उलट मांस घरचे असे. नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणापासून थंडीभर गावोगाव डुकरे मारली जात, त्यांचे सॉसेज, चरबी आणि तंगड्या माळ्यावर टांगल्या जात, आणि फेब्रुवारीत त्यांतले जे टिकणारे नव्हते ते संपवणे भागच असे. राखेच्या बुधवारापूर्वीच्या गुरुवाराला ‘हुएवेस लार्देरो’, म्हणजे चरबीचा गुरुवार, हे नाव यातूनच पडले. आरागोनमध्ये त्या दिवशी पावात लोंगानीसा हे लांब सॉसेज घालून खातात आणि कातालुन्यात अंडे घातलेले सॉसेज व चरबीच्या कुरकुरीत तुकड्यांची पोळी करतात. चर्चने ठरवलेला काळ आणि शेतकऱ्याच्या माळ्याचा हिशेब असे एकमेकांत चपखल बसलेले होते.

या घरगुती मेजवानीची गाणी एन्सीनाच्या गाण्यासारखी छापून राहिलेली नाहीत. सैन्यभरतीच्या वयाला आलेले गावातील तरुण, ज्यांना किन्तो म्हणत, कार्निव्हलच्या दिवसांत दारोदार गात फिरत आणि घरधनिणीकडून अंडी, सॉसेज, चरबीचा तुकडा गोळा करून रात्री एकत्र जेवत. देणारीचे कौतुक आणि न देणारीची खरडपट्टी हा या गाण्यांचा ठरलेला मसाला असे. सालामांकाकडील गावांत त्यांच्या साथीला तांबोरिलेरो असे, म्हणजे एका हाताने तीन भोकांची बासरी आणि दुसऱ्या हाताने खांद्याला लटकवलेला लहान ढोल वाजवणारा एकटा वादक. या प्रदेशाचे भाग्य असे की येथील विद्वानांना अशा गाण्यांचा तिटकारा नव्हता. विद्यापीठात संगीत शिकवणाऱ्या फ्रान्सिस्को सालिनास या अंध पंडिताने १५७७ च्या आपल्या लॅटिन ग्रंथात लय समजावण्यासाठी लोकांच्या तोंडच्या चाली उदाहरणादाखल दिल्या, आणि १९०७ मध्ये दामासो लेदेस्मा या धर्मगुरूने प्रांतातील लोकगीतांचा जाडजूड संग्रह प्रसिद्ध केला. तोंडी परंपरेत राहिलेले किती वाहून गेले याचा हिशेब करणे मात्र आता कोणाच्याही हातात नाही.

सालामांकाहून नैऋत्येस सुमारे नव्वद किलोमीटरवर, सीमेजवळ असलेल्या सिउदाद रोद्रीगो या तटबंदीच्या शहराचा कार्निव्हल प्रांतात सर्वांत मोठा आहे, परंतु तो बैलांचा आहे. चौकात लाकडी आखाडा उभारतात, घंटेच्या नादाने सणाला तोंड फुटते आणि गल्ल्यांतून बैल धावतात. फारिनातो हे पाव व चरबीचे सॉसेज तळलेल्या अंड्यांबरोबर खायला मिळते, पण गाण्यांच्या शोधात निघालेल्याने येथे फार काळ थांबू नये.

त्याने उत्तरेला गालिसियातील ओउरेन्से प्रांतात जावे, जेथे या सणाला एन्त्रोइदो म्हणतात आणि शिन्सो दे लिमिआ, वेरिन व लासा ही तीन गावे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. लासाचे पेलिकेइरो, म्हणजे कमरेला गुरांच्या जड घंटा बांधलेले, हातात चाबूक घेतलेले आणि कोणत्यातरी प्राण्याचे चित्र रंगवलेली उंच टोपी घातलेले मुखवटाधारी, एक शब्दही न बोलता गावभर धावतात. सोमवारी लोक एकमेकांवर मुंग्या मिसळलेली माती फेकतात, आणि मंगळवारी गाढवाचे मृत्युपत्र वाचले जाते, ज्यात गाढवाचा एकेक अवयव गावातील कोणाला का द्यावा हे पद्यात सांगून वर्षभराच्या भानगडी चव्हाट्यावर आणल्या जातात. उल्या नदीच्या खोऱ्यात घोड्यांवर बसलेले, पिसांच्या टोप्या घातलेले ‘सेनापती’ एकमेकांशी पद्यातून वाग्युद्ध खेळतात. या सगळ्याच्या मागे जेवण चालूच असते. डुकराचा खारवलेला पुढचा पाय सलगमाच्या कोवळ्या पाल्याबरोबर शिजवलेला, डुकराचे डोके व कान, आणि शेवटी फिलोआ नावाची पातळ धिरडी. मात्र आज येथील पद्यात अन्नाचा उल्लेख कमी आणि शेजाऱ्याचा उल्लेख फार, असे प्रमाण दिसते. एन्सीनाच्या मेंढपाळांपासून येथवर येताना गाण्याचा विषय पोटाकडून जिभेकडे सरकला आहे.

हे सरकणे का घडले याचे एक कारण उपवासाच्याच इतिहासात सापडते. स्पेनमध्ये ‘धर्मयुद्धाची सनद’ म्हणून ओळखला जाणारा एक छापील दाखला दरवर्षी विकला जाई. मूळ हेतू मुसलमानांविरुद्धच्या युद्धाला पैसा उभा करण्याचा होता, परंतु हा दाखला विकत घेणाऱ्याला उपवासकाळात अंडी व दूध, आणि पुढे बरेच दिवस मांसही, खाण्याची मुभा मिळे. तोलेदो आणि बायादोलिद येथील मठांत या सनदा प्रचंड प्रमाणावर छापल्या जात. ज्याच्याजवळ पैसे त्याचा उपवास सैल, अशी ही व्यवस्था विसाव्या शतकापर्यंत चालली. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी नियम बदलले तेव्हा बहुतेकांसाठी राखेचा बुधवार, गुड फ्रायडे आणि उपवासकाळातील शुक्रवार एवढेच बंधन उरले. ज्या दिवसापासून उद्याची उपासमार खरी राहिली नाही, त्या दिवसापासून आजच्या मेजवानीच्या गाण्यातला निकडीचा सूरही खोटा वाटू लागला असल्यास नवल नाही. दुसरीकडे राज्यकर्त्यांना जेवणाची नव्हे, मुखवट्यांची आणि थट्टेची धास्ती होती. १५२३ मध्येच राजाज्ञेने मुखवट्यांना बंदी घातली गेली आणि यादवी युद्धात, १९३७ च्या फेब्रुवारीत, जनरल फ्रँकोच्या बाजूने कार्निव्हल बंद करण्याचा आदेश निघाला.

दक्षिणेकडील कादिस या बंदराने तो आदेश कसा पचवला, हे पाहण्यासारखे आहे. १९४७ च्या ऑगस्टमध्ये नौदलाच्या दारूगोळ्याच्या भीषण स्फोटाने हे शहर होरपळले आणि त्यानंतर लोकांचे मन रमवण्यासाठी गायकांच्या टोळ्यांना पुन्हा गाऊ देण्यात आले. फक्त ‘कार्निव्हल’ हे नाव उच्चारायचे नाही, ‘कादिसचे खास उत्सव’ म्हणायचे, आणि मजकूर आधी तपासून घ्यायचा. पुढे हा उत्सव उचलून मे महिन्यात नेला गेला, म्हणजे उपवासाशी असलेले त्याचे नातेच तोडले गेले, आणि फ्रँकोच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये तो परत फेब्रुवारीत आला. कारो बारोहाने १९६५ च्या ग्रंथात कार्निव्हल मेला आहे असे लिहून ठेवले होते. बारा वर्षांत कादिसने त्याला खोटे पाडले.

कादिसच्या गाण्यांचे चार प्रकार आहेत. चिरिगोता ही विनोदी टोळी, जी एकसारखा पोशाख करून गिटार, मोठा ढोल, ताशासारखा लहान ढोल आणि बोरूची पिपाणी यांच्या साथीने गाते. कोम्पार्सा ही तशाच रचनेची पण गंभीर व भावपूर्ण. कोरो हा चाळीसेक गायकवादकांचा ताफा, जो गाड्यांवर बसून बाजाराच्या चौकाभोवती फिरतो. आणि कुआर्तेतो म्हणजे काठ्यांच्या तालावर पद्यात बोलणारे तीन-चार विनोदवीर. मानुएल दे फाल्या या कादिसमध्येच जन्मलेल्या संगीतकाराच्या नावाच्या नाट्यगृहात त्यांची स्पर्धा आठवडेच्या आठवडे चालते, ती जरुरीपेक्षा लांब आहे, आणि कादिसचे लोक ती पहाटेपर्यंत जागून ऐकतात. तरीही खरी मौज रस्त्यावर आहे, जेथे स्पर्धेत नाव न नोंदवलेल्या, थट्टेने ‘बेकायदेशीर’ म्हटल्या जाणाऱ्या टोळ्या कोपऱ्याकोपऱ्यावर गातात. सगळी गाणी दरवर्षी नवी लिहायची असा दंडक आहे.

जेवणाशी असलेले नाते येथे एका वेगळ्या वाटेने टिकले आहे. कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यांत शहरात सार्वजनिक खाणावळी भरतात, ज्यांना त्या त्या पदार्थाचे नाव असते. एरिसादा म्हणजे काटेरी समुद्री अर्चिन उघडून खाण्याचा दिवस, ओस्तिओनादा म्हणजे कालवांचा दिवस, पेस्तिन्यादा म्हणजे तिळाबडीशेपेच्या वासाच्या, मधात घोळवलेल्या तळणाचा दिवस. लोक कागदी ताटल्या घेऊन उभे राहतात आणि त्यांच्या डोक्यांवरून व्यासपीठावरील टोळ्या गातात. या गाण्यांत महागाई, नगरपालिका, फुटबॉल आणि मंत्री येतात, उपवास जवळजवळ येत नाही. उपवासापूर्वी मासळीवर ताव मारणाऱ्या शहराला उपवासबाईचे सैन्य आपल्या ताटात कधी आले हे कळलेलेही दिसत नाही.

माद्रिदमध्ये हा सण मासळीच्याच अंत्ययात्रेने संपतो. राखेच्या बुधवारी काळे झगे आणि उंच टोप्या घातलेले एक विनोदी मंडळ छोट्याशा शवपेटीत सार्डिन ठेवून, बँडच्या साथीने खोटे रडत, मध्येच दुकानांत थांबून घसा ओला करीत मिरवणूक काढते. उपवास सुरू होताना मांसाऐवजी मासा का पुरायचा, याबद्दल तिसऱ्या कार्लोस राजाच्या काळातील नासक्या सार्डिनची एक आख्यायिका सांगतात, ती विश्वास ठेवण्यासारखी नाही. चित्रकार गोयाने रंगवलेले या अंत्ययात्रेचे चित्र सान फेर्नान्दो कला अकादमीत आहे आणि त्यात हसरा चेहरा रंगवलेल्या निशाणाखाली नाचणारी गर्दी आनंदी आहे की भेसूर, हे पाहणाऱ्याने ठरवायचे आहे.

आंत्रुएहोला पोर्तुगीजांत एन्त्रुदो म्हणतात, आणि ते नाव त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून गोव्याच्या कोकणीत इंत्रूज म्हणून स्थिरावले. एन्सीना हयात असतानाच, १५१० मध्ये, आल्बुकर्कने गोवा घेतला होता, तेव्हा दोन्ही नावे एकाच कुळातली आणि जवळपास एकाच वयाची आहेत. पणजीतील चित्ररथांची सरकारी मिरवणूक १९६० च्या दशकातली असली, तरी गावागावांतील इंत्रूज तिच्याहून फार जुना आहे, आणि चांदोर येथे इंत्रूजच्या दिवसांत मुसळे आपटीत केला जाणारा मुसळनाच त्याची साक्ष देतो. पणजीचा किंग मोमो, म्हणजे या मिरवणुकीचा नकली राजा, दरवर्षी प्रजेला खा, प्या, मजा करा अशी आज्ञा कोकणीतून देतो; एन्सीनाच्या पालुपदातील ‘उद्या’ तेवढा त्यातून गळालेला आहे.

सालामांकाने मात्र उपवासाचे दुसरे टोकही जपले. ईस्टरच्या रविवारानंतर आठव्या दिवशी, ‘लुनेस दे आगुआस’ नावाच्या सोमवारी, सारे शहर तोर्मेसच्या काठी जाऊन ओर्नासो खाते. सॉसेज, डुकराचे मांस आणि उकडलेली अंडी भरलेला हा जाड पावरोटीचा प्रकार म्हणजे उपवासाचे उशिरा केलेले पारणेच होय. उपवासकाळात नदीपलीकडे हाकललेल्या वेश्यांना या दिवशी विद्यार्थी नावांतून परत आणीत, अशी त्यामागची कथा शहरातील लोक पाहुण्यांना मोठ्या आवडीने सांगतात.

प्रवास आखणाऱ्याने आधी ईस्टरची तारीख पाहावी, कारण राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. लासा आणि सिउदाद रोद्रीगो येथील सण त्याच्या आधीच्या मंगळवारी संपतात आणि इंत्रूजही त्याच चार दिवसांत असतो, त्यामुळे स्पेनमधील हे सण आणि गोव्याचा इंत्रूज एका वर्षी पाहता येत नाहीत. कादिसची गाणी मात्र उपवास सुरू झाल्यावरही पुढच्या रविवारपर्यंत चालू राहतात, तेव्हा मंगळवारपर्यंत गोव्यात इंत्रूज पाहून निघालेला प्रवासीही ती ऐकायला वेळेवर पोहोचू शकतो.